माहिती दडवणारा प्रौढही कायद्याने गुन्हेगारच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलांवरील लैंगिक अत्याचाराची एखादी बातमी गाजली की शिक्षा अधिक कडक करण्याची मागणी जोर धरते. बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुकल्यांवर झालेल्या अत्याचारानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यभर जो उद्रेक झाला, त्यातही फाशीचीच मागणी सर्वांत पुढे होती. तो संताप खराच होता. परंतु खान्देशातील शाळांमध्ये आयुष्य घालवलेली शिक्षिका म्हणून एक गोष्ट मला आपल्या वाचकांपुढे आग्रहाने मांडायची आहे. शिक्षेच्या बाबतीत आपला कायदा मुळीच मवाळ नाही. तो अडतो पोलीस ठाण्याच्या पायरीच्या अलीकडे, ज्या प्रौढ माणसांना प्रकार कळलेला असतो आणि तरीही जी गप्प बसतात, त्यांच्यापाशी.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण सगळे ‘पोक्सो’ म्हणतो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक मूल, मग ते मुलगी असो वा मुलगा, त्याच्या संरक्षणाखाली येते. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा आणखी वाढल्या. सोळा वर्षांखालील बालकावर बलात्कारासारखा अत्याचार झाल्यास किमान वीस वर्षांचा कारावास आहे. शाळेतील कर्मचारी, रुग्णालयातील कर्मचारी, पोलीस, नातेवाईक किंवा मुलाच्या विश्वासातील अधिकारी व्यक्ती अशा लोकांनी तो केल्यास अपराध अधिक गंभीर मानला जातो आणि शिक्षा देहान्तापर्यंत जाऊ शकते. २०२१ मध्ये आपल्या विधिमंडळाने याहून कडक असे शक्ती विधेयक मंजूर केले, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. तेव्हापासून ‘शक्ती असता तर’ असे बोलण्याची सवय लागली आहे. ज्या गुन्ह्याची खबरच पोलिसांपर्यंत पोहोचत नाही, त्याला कोणत्या कायद्यात किती शिक्षा आहे, याने त्या मुलाच्या आयुष्यात काय फरक पडणार?

याच कायद्याचे कलम १९ मात्र फारसे कोणी वाचत नाही. असा अपराध घडल्याचे ज्या कोणाला माहीत आहे, किंवा घडण्याची शक्यता आहे असे ज्याला वाटते, त्या प्रत्येकाने ही माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना देणे बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातले, संस्थेच्या अध्यक्षांना कळवले, सरपंचांना सांगितले, एवढ्याने हे कर्तव्य पार पडत नाही. माहिती न देणाऱ्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध कळवला नाही, तर ही शिक्षा एक वर्षापर्यंत जाते आणि वर दंड होतो. स्वतः मुलाला मात्र न सांगितल्याबद्दल कोणतीही शिक्षा नाही, आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्या माणसावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. म्हणजे कायद्याने बोलण्याचा सगळा भार मोठ्या माणसांवर टाकला आहे आणि बोलणाऱ्याला संरक्षणही दिले आहे.

आपल्याकडे प्रत्यक्षात काय घडते, हे गावात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. प्रकार कळतो, संध्याकाळी चार वजनदार माणसे बसतात, दोन्ही घरांना बोलावले जाते. पोलीस पाटीलही कधी कधी त्या बैठकीत असतो, ज्याचे कामच मुळी गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे हे आहे. मुलीच्या आईवडिलांना विचारले जाते, “आते पोरनं लगीन कसं व्हई?” या एका प्रश्नापुढे आईवडील गळून जातात. मग काही रक्कम ठरते, माफी मागितली जाते, फार तर त्या माणसाला काही महिने गाव सोडायला सांगितले जाते. पीडित मुलीला मात्र शाळेतून काढून मामाच्या गावी पाठवले जाते. तिचे शिक्षण तिथेच संपते, आणि पुष्कळदा वर्षाच्या आत तिचे लग्नही उरकले जाते. एका गुन्ह्यावर पांघरूण घालताना बालविवाहाचा दुसरा गुन्हा घडतो आणि त्याला गावचा शहाणपणा म्हटले जाते.

अशा तडजोडीला कायद्यात कसलेही स्थान नाही. राजस्थानातील एका शिक्षकावरील गुन्हा विद्यार्थिनीच्या वडिलांनी केलेल्या समझोत्यावरून तेथील उच्च न्यायालयाने रद्द केला होता. गावातल्याच त्रयस्थ व्यक्तींनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्दबातल ठरवून खटला पुढे चालवण्यास सांगितले. असा अपराध दोन घरांमधला खासगी मामला नाही, तो समाजाविरुद्धचा गुन्हा आहे, ही भूमिका या निकालाने पक्की केली. वडिलांनी सही केली म्हणून मुलीचा हक्क संपत नाही, हे आपल्या बैठका बसवणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावे. तक्रार केली म्हणून त्या कुटुंबाला जातीतून वा गावातून वाळीत टाकण्याची धमकी दिली जात असेल, तर त्यासाठी सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा ३ जुलै २०१७ पासून राज्यात लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या आपल्या तीन जिल्ह्यांत त्याचा आधार घेण्याचे धैर्य लोकांना यायला हवे, आणि ते देण्याचे काम पोलिसांचे आहे.

संस्थांमध्ये हीच तडजोड वेगळ्या रूपाने होते. पोक्सो येण्यापूर्वीच्या काळात मी जवळून पाहिलेल्या एका प्रकरणात वसतिगृहातील एका कर्मचाऱ्याविरुद्ध मुलांनी सांगितलेले सारे संस्थाचालकांना पटले होते. तरीही पोलिसांत कोणी गेले नाही, कारण संस्थेचे अनुदान आणि नाव धोक्यात येईल अशी भीती होती. त्या माणसाकडून राजीनामा घेण्यात आला आणि पुढच्याच शैक्षणिक वर्षी तो दुसऱ्या तालुक्यातील वसतिगृहात कामाला लागल्याचे कळले. त्या वेळी माहिती देण्याचे कायदेशीर बंधन नव्हते. आज ते आहे, पण राजीनामा घेऊन किंवा बदली करून मोकळे होण्याची रीत अजून गेलेली नाही. मुलांकडे वाईट नजरेने पाहणाऱ्या माणसाची बदली करणे म्हणजे त्याच्यापुढे नवी मुले आणून ठेवणे आहे, आणि त्या नव्या मुलांच्या पालकांना त्याचा पूर्वेतिहास कधीच कळत नाही.

माहिती न देण्याचे सर्वांत सभ्य कारण म्हणजे “आम्हाला खात्री नव्हती.” कायदा खात्री मागतच नाही. शहानिशा करणे हे शिक्षकाचे, डॉक्टरचे किंवा अंगणवाडीताईचे काम नाही; उलट त्यांनी आपल्या परीने चौकशी सुरू केली की मुलाला तेच ते चार-चार जणांपुढे सांगावे लागते, आरोपी सावध होतो आणि पुरावा नष्ट होतो. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे वसतिगृहातील आदिवासी मुलींवर झालेल्या अत्याचारांच्या प्रकरणात त्यांच्यावर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरवर माहिती न दिल्याचा गुन्हा नोंदवला गेला होता. उच्च न्यायालयाने तो रद्द केला, परंतु २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि वेळेवर माहिती देणे हा या कायद्याचा कणा असल्याचे स्पष्ट केले. आपल्या भागातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि खासगी दवाखान्यात हा निकाल माहीत असायला हवा. पोटदुखीची तक्रार घेऊन आलेल्या मुलीला गोळी देऊन परत पाठवताना तिच्याशी दोन मिनिटे एकांतात, विश्वासाने बोलले गेले तर पुढचे बरेच टळू शकते.

वयाने मोठ्या वाचकांना १९९४ चे जळगावचे प्रकरण आठवत असेल. मुली व तरुणींना फसवून, त्यांची छायाचित्रे काढून, त्यांच्या जोरावर धमकावले गेल्याच्या आरोपांनी तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. तपासात सर्वांत मोठी अडचण आली ती पुढे येऊन बोलणाऱ्यांच्या अभावाची. बदनामीच्या भीतीने कुटुंबांनी दारे लावून घेतली, आणि गाजलेल्या त्या प्रकरणातील खटल्यांचा शेवट बहुतांशी निर्दोष सुटकेत झाला. त्या काळी पोक्सो नव्हता, बंद न्यायदालनात मुलाची साक्ष नोंदवण्याची आजच्यासारखी रचना नव्हती, ओळख गुप्त राहील याची आजच्याइतकी हमी नव्हती. आज हे सगळे कायद्यात आहे. छायाचित्रे मात्र आता कपाटात नसतात, प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये असतात. मुलांची अशी चित्रे वा चित्रफिती पुढे पाठवणेच नव्हे, तर त्या साठवणे आणि पाहणेही गुन्ह्याच्या कक्षेत येऊ शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी दिला आहे. गावातल्या व्हॉट्सॲप गटावर असे काही आले तर ते ‘बघा काय चाललंय’ म्हणून पुढे ढकलणारा प्रत्येक जण त्या मुलावर पुन्हा अत्याचार करत असतो.

आता सर्वांत निकडीच्या प्रश्नाकडे येते, तो म्हणजे सातपुड्यातील मुलांचा. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यातील हजारो आदिवासी मुले वर्षाचा बहुतेक काळ आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहतात. नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल अशी आदिवासी विकास विभागाची चार प्रकल्प कार्यालये त्यांची जबाबदारी सांभाळतात. यांतील कितीतरी मुलांचे आईवडील ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातेत गेलेले असतात आणि होळीला परततात. मधल्या महिन्यांत त्या मुलाला आपले म्हणून सांगायला कोणी नसते. अधीक्षक, स्वयंपाकी, कामाठी, चौकीदार हीच त्याच्या जगातली मोठी माणसे, आणि त्यांतलाच एखादा लांडगा निघाला तर मूल कोणाकडे जाणार? नोव्हेंबर २०१६ मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव तालुक्यातील पाळा येथील आश्रमशाळेचे प्रकरण उघड झाले, ते दिवाळीच्या सुटीत घरी आलेल्या मुलींनी पालकांना सांगितल्यामुळे. म्हणजे सुटी लागेपर्यंत त्या शाळेच्या आवारात त्यांना सांगण्याजोगे एकही माणूस नव्हते. या एका गोष्टीचा विचार प्रत्येक प्रकल्प अधिकाऱ्याने करावा.

पोक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार, जिथे मुले राहतात किंवा नियमितपणे येतात अशा प्रत्येक संस्थेने, शाळा, पाळणाघरे, क्रीडा प्रशिक्षण केंद्रे यांसह, आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी व पूर्वचारित्र्याची तपासणी ठरावीक काळाने करणे बंधनकारक आहे. ‘कर्मचारी’ म्हणजे केवळ वेतनपटावरचा शिक्षक नव्हे. रोजंदारीवरचा स्वयंपाकी, कंत्राटदाराने पाठवलेला सफाई कामगार, मुलांची ने-आण करणारा चालक हे सगळे त्यात आले पाहिजेत, कारण मुलांच्या जवळ अवेळी पोहोचणारी माणसे बहुधा हीच असतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही तयार केली. ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते, आणि मला ते योग्य वाटते. ती चव्हाट्यावर टांगून जमावाच्या हाती न्याय देण्याची माझी मागणी नाही. पण मग पडताळणीचा अर्ज आल्यावर पोलिसांनी ती नोंदवही खरोखर तपासली पाहिजे. नोकरीच्या गावचा पत्ता बरोबर आहे एवढे पाहून शिक्का मारण्याला पडताळणी म्हणत नाहीत.

भाषेचा प्रश्न तर कोणी विचारातच घेत नाही. धडगावच्या पहिलीतल्या मुलाची भाषा पावरी, अक्कलकुव्याकडच्या मुलाची भिली, नवापूरच्या मुलाची मावची. त्याला आपल्या शरीराच्या अवयवांची नावे, त्याला झालेल्या वेदनेचे शब्द त्याच भाषेत येतात. त्याचा जबाब मात्र ठाणे अंमलदाराच्या ठरावीक मराठीत उतरतो, ज्यात त्याने कधीही न उच्चारलेले शब्द असतात. वर्ष-दोन वर्षांनी उलटतपासणीत वकील त्याच शब्दांवरून प्रश्न विचारतात, मूल गोंधळते, आणि जबाबातली विसंगती आरोपीच्या पथ्यावर पडते. कायद्याने याचा विचार केलेला आहे. मुलाला न समजणाऱ्या भाषेत नोंद होत असेल तर अनुवादक वा दुभाषी द्यावा, असे कलम १९ मध्येच म्हटले आहे. कलम ३८ न्यायालयात दुभाष्याची आणि दिव्यांग मुलासाठी विशेष शिक्षकाची सोय सांगते, तर नियमांनुसार जिल्हा बाल संरक्षण कक्षाने अशा दुभाष्यांची, तज्ज्ञांची आणि साहाय्यक व्यक्तींची नोंदवही ठेवायची असते. आपल्या तीनही जिल्ह्यांच्या कक्षांनी त्यांच्या नोंदवहीत पावरी, भिली, मावची, आदिवासींची कोकणी आणि अहिराणी जाणणाऱ्या किती दुभाष्यांची नावे आहेत, हे जाहीर करावे अशी माझी जाहीर विनंती आहे. या भाषा बोलणारे पदवीधर तरुण आज गावोगाव आहेत. त्यांना मानधन देऊन प्रशिक्षित करणे मुळीच अवघड नाही.

मूकबधिर आणि मतिमंद मुलांच्या निवासी शाळांना हेच सारे अधिक तीव्रतेने लागू आहे, कारण तिथल्या अनेक मुलांना घडलेले सांगताच येत नाही आणि सांगितले तरी त्यावर विश्वास ठेवला जात नाही. मुलग्यांबद्दलही तसेच. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, तेरा राज्यांतील मुलांच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले होते, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. “पोराला काय होतंय” या समजुतीमुळे मुलग्यांच्या वसतिगृहांकडे कोणी पाहतच नाही.

खोट्या तक्रारींचा मुद्दा नेहमी पुढे केला जातो. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढासाठी कलम २२ मध्ये शिक्षा आहेच. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनी परस्परसंमतीने पळून जाण्याची प्रकरणे या कायद्याखाली येतात आणि त्यांत एखाद्या तरुणाचे आयुष्य होरपळते, ही अडचण मात्र खरी आहे आणि मी ती नाकारत नाही. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात वयोमर्यादा अठराच ठेवून अशा प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायालयाला सारासार विचार करण्याची मुभा द्यावी, असे सुचवले आहे. मला ते पटते. परंतु दोन किशोरवयीनांचे प्रेम आणि पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने सात वर्षांच्या मुलीला खोलीत बोलावणे, यांतला फरक गावातल्या कोणालाही कळतो. पहिल्याची अडचण सांगून दुसऱ्यावर पांघरूण घालू नये.

तक्रार करायला घाबरणाऱ्या पालकांना काही गोष्टी कोणीतरी शांतपणे सांगायला हव्यात, म्हणून त्या इथे नोंदवते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, गणवेशात नसलेल्या आणि शक्यतो महिला उपनिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते, उपचार सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांत मोफत द्यावे लागतात. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचे असते. समिती कुटुंबाच्या सोबतीला साहाय्यक व्यक्ती देऊ शकते. साक्ष देताना आरोपी मुलाच्या नजरेस पडता कामा नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो आणि राज्य शासनाच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मागता येते. कुठूनही १०९८ या बाल मदतवाहिनीच्या क्रमांकावर फोन करता येतो. यांतले काही नाकारले गेले तर ते लेखी मागावे.

१० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या स्थापन करायच्या होत्या. मी पाहिलेल्या अनेक शाळांत ती भिंतीवरच्या फलकापुरती आहे. बदलापूरनंतर तक्रारपेटी आणि कॅमेरे यांचेही आदेश निघाले. मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर लावलेल्या पेटीत कोणते मूल चिठ्ठी टाकेल? आणि ज्याला अजून लिहिता येत नाही, त्याचे काय? आश्रमशाळेत दर आठवड्याला मुलांना आपल्या घरच्यांशी एकांतात फोनवर बोलू देणे, संस्थेबाहेरच्या, मुलांची भाषा येणाऱ्या महिलेने महिन्यातून एकदा येऊन मुलांमध्ये बसणे, हे कॅमेऱ्यांपेक्षा कमी खर्चाचे आहे. जिल्हाधिकारी आणि प्रकल्प अधिकारी यांनी मनावर घेतले तर त्यासाठी नव्या शासन निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही. त्याचबरोबर प्रत्येक गुन्ह्याच्या तपासात ‘हे आधी कोणाला माहीत होते’ हा प्रश्न पोलिसांनी विचारलाच पाहिजे आणि उत्तर मिळाल्यावर कलम २१ लावले पाहिजे. एका संस्थाचालकावर असा खटला उभा राहिला तर पुढच्या दहा संस्थांमधून फोन येतील, याची मला खात्री आहे.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. कलम २३ नुसार पीडित मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, परिसर यांपैकी ओळख पटेल असे काहीही छापता येत नाही. नाव वगळले जाते, पण गाव, इयत्ता, वडिलांचा व्यवसाय आणि आरोपीशी असलेले नाते छापले जाते. पाचशे उंबऱ्यांच्या गावात एवढे पुरते. आपल्या तालुका वार्ताहरांना याबाबत स्पष्ट सूचना द्याव्यात. मी उल्लेखिलेल्या जुन्या प्रकरणातील मुले आज प्रौढ आहेत आणि याच भागात राहतात. माझ्या नावावरून शाळेचा आणि शाळेवरून त्यांचा माग काढणे सोपे आहे, म्हणून हे पत्र छापल्यास माझे नाव व गाव देऊ नये. ते आपल्या कार्यालयाच्या माहितीसाठी सोबत वेगळ्या कागदावर लिहिले आहे.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका, जि. जळगाव